गल्लीतली बेकरी: कोणता माल कधी घ्यावा, घरी कसा आणावा, कसा खावा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे. दुपारी साडेतीनच्या सुमाराला तिच्या मागच्या दाराशी उभं राहिलं की आधी वास येतो आणि मग पत्र्याचे ट्रे एकावर एक ठेवल्याचा आवाज. त्यानंतर पाच-दहा मिनिटांत खारी पुढे काउंटरवर येते. ती हातात घेतली तर बोटांना ऊब लागते आणि दाबलं तर पदर सुटे होऊन तळहातावर पडतात. हीच खारी पावसाळ्यात रात्री नऊ वाजता घेतली तर दातांखाली चिवट लागते. दुकान तेच आणि भावही तोच, फरक फक्त वेळेचा.

बेकरीच्या मालाबद्दल लोकांची तक्रार ऐकतो तेव्हा दहातल्या सात वेळा माल चांगलाच असतो. तो चुकीच्या वेळी घेतलेला असतो, चुकीच्या पिशवीत आणलेला असतो, किंवा फ्रिजमध्ये ठेवून मारलेला असतो. म्हणून हा लेख बेकरीतून काय घ्यावं याच्यापेक्षा कधी घ्यावं आणि घरी आणल्यावर काय करावं, यावर जास्त आहे. मी पुण्यात राहतो, त्यामुळे उदाहरणं बरीचशी पुण्याची आहेत. पण सांगलीत, नाशकात किंवा डोंबिवलीत राहत असाल तरी तुमच्या बेकरीला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी भट्टीचं घड्याळ शिका

जुन्या विटांच्या भट्टीत लाकडं जाळून आधी भट्टी तापवतात, मग निखारे बाजूला सारतात आणि विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर माल भाजतात. ही उष्णता हळूहळू उतरत जाते, त्यामुळे मालाचा क्रमही तिच्यावर ठरतो. भट्टी कडक असते तेव्हा पाव आणि ब्रेड जातो. ती थोडी उतरली की खारी, मग नानकटाई आणि बिस्किटं. शेवटी भट्टी नुसती गरम राहते, तेव्हा टोस्ट आणि बटर (लोणी नव्हे, चहात बुडवायचे कडक गोळे) वाळवायला ठेवतात. डिझेलच्या, गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनवर काम करणाऱ्या बेकरीत तापमान हवं तसं ठेवता येतं, तरी कामाचा हा क्रम बऱ्याच ठिकाणी सवयीने तसाच राहिला आहे. मुंबईत तर हा बदल आता सक्तीचा झाला. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवेसाठी ते गरजेचं होतं हे मला पटतं. पण लाकडाच्या भट्टीतल्या कडक पावाच्या पाठीला जो करपट, धुरकट वास असायचा तो मला आठवत राहतो, हेही तितकंच खरं.

तुमच्या बेकरीचं घड्याळ शिकायला एक आठवडा पुरतो. रोज वेगवेगळ्या वेळी जा आणि काउंटरवरच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "मामा, आज भट्टीतून काय कधी निघतं?" "ताजं आहे का?" असं विचारू नका. त्याला "हो" सोडून दुसरं उत्तर मिळत नाही. वेळ विचारली की माणूस खुलतो. पाव पहाटे आणि पुन्हा दुपारी, पॅटिस अकराला आणि चारला, मावा केक एक दिवसाआड, असं सगळं तो सांगून टाकतो. आठवड्याभरात तुमच्याकडे एक वेळापत्रक तयार होतं. मी आमच्या बेकरीचं लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे.

आणखी एक गोष्ट: जुन्या इराणी बेकऱ्या दुपारी बंद असतात. पुण्यात कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीसमोर दुपारी दीड-दोनला हिरमुसून उभे असलेले बाहेरगावचे लोक मी अनेकदा पाहिले आहेत. लांबून जाणार असाल तर सकाळचा पहिला तास किंवा दुपारी दार उघडायच्या आधीची दहा मिनिटं गाठा. साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी आहे तेही आधी विचारून ठेवा.

काउंटरपाशी

काचेच्या कपाटाकडे जायच्या आधी ट्रेकडे बघा. अर्धा रिकामा ट्रे चांगला, म्हणजे माल खपतो आहे. तळाशी चुरा साचलेला भरलेला ट्रे असेल तर तो कालचा असण्याची शक्यता जास्त. खारीच्या बाजूने पदर मोजता येतील इतके वेगळे दिसले पाहिजेत, आणि रंग सगळीकडे एकसारखा सोनेरी असला पाहिजे. मध्ये पांढरट आणि कडेला तपकिरी असेल तर ती आतून कच्ची आहे आणि चहात घातल्यावर तिचा लगदा होईल. नानकटाईच्या माथ्यावरच्या भेगांकडे बघा. भेगा मोकळ्या आणि कोरड्या असतील तर नीट फुललेली आहे.

नंतर नाकाचा उपयोग करा. खारी, बिस्किटं, क्रीम रोल यांत फॅट भरपूर असतं आणि ते खवट झालं तर पहिल्यांदा वासाला कळतं. जुन्या तेलाच्या डब्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. बहुतेक बेकऱ्या लोणी वापरत नाहीत, वनस्पती किंवा बेकरीचं मार्गारीन वापरतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण विचारायचा हक्क तुम्हाला आहे. तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे पूर्वीपेक्षा परिस्थिती बरी आहे. तरीही घरात हृदयाचा आजार असलेलं कुणी असेल तर खारी हा रोजचा नाश्ता होऊ देऊ नका. रविवारची खारी पुरे.

अंड्याचं आधी विचारा. आपल्याकडे उपवासाला किंवा एरवीही अंडं न खाणारी माणसं घरोघरी असतात, आणि एकाच ट्रेच्या शेजारी अंड्याचा आणि बिनअंड्याचा केक ठेवलेला असतो. बंद पाकिटावर खूण असते: हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. आपल्या कायद्यात अंडंही मांसाहारीत धरतात. सुट्या मालावर खूण नसते, म्हणून तोंडी विचारावं लागतं. मावा केकात सहसा अंडं असतं. नानकटाईत सहसा नसतं, पण ती कुठे भाजली हे महत्त्वाचं वाटत असेल तर तेही विचारा. खरेदी पाव किलोच्या हिशेबात ठेवा. किलोभर घेऊन पंधरा दिवस पुरवण्यापेक्षा पाव किलो आठवड्यातून दोनदा आणणं केव्हाही बरं.

खारी

या एका पदार्थावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त वाया हीच जाते.

मैद्याच्या पोळीवर फॅटचा थर पसरायचा, घडी घालायची, लाटायचं, पुन्हा घडी. असं पाच-सहा वेळा केलं की कणिक आणि फॅट यांचे शेकडो पातळ थर होतात. भट्टीत गेल्यावर कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ प्रत्येक थर वर उचलते. खारीत यीस्ट नसतं, ती वाफेवर फुलते. म्हणजे भाजून झाल्यावरही तिच्या आत थोडी वाफ असते आणि ती बाहेर पडायला वेळ लागतो. इथेच आपण चुकतो.

मागे एकदा बहिणीकडे सोलापूरला जाताना मी स्टेशनच्या वाटेवर गरम खारी घेतली, अर्धा किलो. दुकानदाराने प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर गाठ मारली आणि मी तशीच बॅगेत ठेवली. पोचल्यावर उघडली तर पिशवीच्या आतून घाम आलेला आणि खारी ओल्या पुठ्ठ्यासारखी. बहिणीने काही न बोलता ती ताटात पसरून पंख्याखाली ठेवली. थोडी सुधारली, पण ती गेली ती गेलीच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. खारी गरम असेल तर कागदी पिशवी मागायची. ती नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड उघडं ठेवायचं. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे ती मोठ्या ताटात एकेरी थरात पसरायची, वर पातळ सुती फडकं टाकायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायची. हाताला जराही कोमट लागत असेल तोवर डब्याला हात लावायचा नाही. मग स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तळाला कोरा कागद. वर्तमानपत्र नको, शाई फॅटला लागते. खारी उभी न लावता आडवी ठेवा, म्हणजे कडा तुटत नाहीत. डबा गॅसच्या शेगडीजवळ किंवा सिंकवरच्या फळीवर ठेवू नका, तिथे सतत वाफ असते. एवढं केलं तर कोरड्या दिवसांत ती दहा-पंधरा दिवस छान राहते. पावसाळ्यात आठवडाभरातच संपवा.

मऊ पडलीच तर टाकू नका. ओव्हन असेल तर 150 अंशांवर पाच-सहा मिनिटं, मग बाहेर काढून पाच मिनिटं उघडी. ओव्हन नसेल तर जाड तवा मंद आचेवर तापवा, त्यावर स्टीलची जाळी किंवा उपडी ताटली ठेवा, तिच्यावर खारी मांडा, वर झाकण अर्धवट. सात-आठ मिनिटांत ओलावा निघून जातो. गरम असताना ती अजून मऊच लागेल, गार झाल्यावर कुरकुरीत होते, तेव्हा घाई करून आणखी भाजू नका. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नका. तिथे आतल्या पाण्याची वाफ होऊन पदर आणखी चामट होतात.

चहात बुडवायची असेल तर मोजून दोन सेकंद, तीही उभी, अर्ध्यापर्यंत, आणि लगेच तोंडात. चहा दाट आणि चांगला गोड हवा. पाणचट चहा पदरांत नुसता शिरतो, चव देत नाही. पहिला तुकडा मात्र कोरा खा. फॅट चांगलं आहे की नाही ते कोऱ्या तुकड्यावर कळतं: टाळूला मेणासारखा थर बसला तर पुढच्या वेळी दुसरी बेकरी बघा.

टोस्ट आणि बटर

हे दोन्ही दोनदा भाजलेले. आधी पाव किंवा गोळा भाजायचा, मग काप करून किंवा अख्खा मंद आचेवर वाळवायचा. पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून महिनाभरही टिकतात. आजारी माणसाला, बाळंतिणीला, प्रवासाला जाणाऱ्याला टोस्ट देतात तो याच कारणाने. गोल जिरा बटर बरेच कडक असतात. कमजोर दातांच्या माणसांना ते देताना बशीत चहा ओतून त्यात दहा-बारा सेकंद ठेवा, वरून चमच्याने चहा सोडा. माझे आजोबा तसेच खायचे आणि बशीत उरलेला चुरा-चहा शेवटी पिऊन टाकायचे.

पाव, ब्रून आणि गोव्याकडची पोई

लादी पाव घेताना बाजू बघा, वरचा भाग नाही. पाव एकमेकांना चिकटलेला असतो तिथे तो धाग्या-धाग्यांनी सुटला पाहिजे. दाबल्यावर परत वर आला तर ताजा, खळगा तसाच राहिला तर कच्चा किंवा जुना. मिसळीला थोडा घट्ट पाव लागतो, पावभाजीला मऊ. वड्याला मात्र त्याच दिवसाचा हवा.

पाव फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय मोडा. पाव शिळा होतो तो नुसता वाळून नव्हे. त्यातलं पिष्ट भाजताना मऊ झालेलं असतं, ते थंड होत जाताना पुन्हा कडक होत जातं, आणि फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सगळ्यात वेगाने होते. म्हणून फ्रिजमधला पाव एका रात्रीत दोन दिवसांचा वाटतो. बाहेर ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. जास्त आणला असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका, पिशवीतली हवा काढून. खाताना न वितळवता पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून गरम करा, जवळजवळ पहिल्यासारखा होतो. कडक झालेला पाव गरम केल्यावर पुन्हा मऊ लागतो तो त्याच पिष्टामुळे. पण तो लगेच खावा लागतो, गार झाला की दुप्पट कडक.

ब्रून म्हणजे कडक पाव. बाहेरचं कवच दाताखाली फुटलं पाहिजे आणि आत पोकळ-मऊ हवं. सकाळी घेतलेला ब्रून संध्याकाळी चिवट होतो, कारण आतला ओलावा कवचात येतो. ब्रून मस्का घरी करायचा असेल तर मीठ असलेलं लोणी तासभर आधी बाहेर काढून ठेवा. थंड लोणी पसरायला गेलात तर आतला भाग फाटतो. आडवा काप करा, दोन्ही बाजूंना नखाएवढा जाड थर द्या, हवी तर चिमूटभर साखर भुरभुरवा, मिटून चार तुकडे करा. इराण्याच्या हॉटेलात तो दुधाळ, उकळून दाट केलेल्या चहाबरोबर देतात, आणि तोच चहा त्याला शोभतो. बन मस्का खायचा तर पुण्यात डेक्कनवर 1935 पासून चालू असलेलं गुडलक कॅफे आहेच, पण ताज्या बनला घरी लोणी लावूनही तो आनंद मिळतो.

गोव्यात बेकरी दारात येते. पोदेर सायकलवर टोपली बांधून सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत येतो. पोदेर हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. गोल उंडो, फुलपाखरासारखा कापलेला कातऱ्या पाव, बांगडीसारखी कडक कांकणं आणि कोंडा लावलेली पोकळ पोई, असे प्रकार असतात. सुट्टीला गेलात तर हॉटेलातला नाश्ता सोडा आणि सकाळी भोंगा ऐकून पिशवी घेऊन खाली उतरा. पोई आतून खिशासारखी असते, तिच्यात उसळ किंवा भाजी भरून खा. सहा-सात तासांनी ती चामट होते. तेव्हा गॅसच्या थेट आचेवर फुलक्यासारखी क्षणभर धरा.

पॅटिस आणि क्रीम रोल

पॅटिस हा पूर्णपणे वेळेचा पदार्थ आहे. भट्टीतून निघाल्यावर पहिल्या तासात खावा. पुण्यात आपटे रस्त्यावरच्या संतोष बेकरीसमोर किंवा हिंदुस्तान बेकरीसमोर लोक रांग लावतात ती या पहिल्या तासासाठी. पहिला अर्धा भाग सॉसशिवाय खा, सारणातला मसाला तेव्हाच कळतो. पॅटिस तिरकं धरून खालून कागदाचा आधार द्या, पदर अंगावर पडत नाहीत.

बटाट्याचं, चिकनचं किंवा मटणाचं सारण दमट असतं, म्हणून पॅटिस रात्रभर बाहेर ठेवू नका. चार तासांच्या आत खायचं नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी 170-180 अंशांवर आठ-दहा मिनिटं, सारण आतपर्यंत गरम होईपर्यंत तापवा. क्रीम रोलचं नळकांडं काही दिवस टिकतं, पण आतलं क्रीम कोणतं आहे त्यावर सगळं आहे. साखर-वनस्पतीचं फेटलेलं क्रीम असेल तर दोन दिवस चालतं. दुधाचं असेल तर त्याच दिवशी संपवा. विकत घेताना क्रीम टोकाशी पिवळट, कोरडं झालेलं दिसलं तर नको म्हणा.

नानकटाई, श्रूसबेरी, मावा केक

पुण्याहून कुणाकडे जायचं म्हटलं की श्रूसबेरीचं खोकं बरोबर जातं. श्रूसबेरी हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव, तिथल्या या बिस्किटाचा प्रकार जुना. पण आपल्याकडे ते घरोघरी पोचलं ते कॅम्पातल्या इराणी आणि पारशी बेकऱ्यांमुळे, विशेषतः 1955 पासूनच्या कयानीमुळे. मुख्यतः लोणी, साखर, मैदा यांवर उभं असलेलं बिस्किट, त्यामुळे लोण्याचा दर्जा लपत नाही. ते चहात बुडवू नका. तोंडात ठेवून थोडं विरघळू द्या, मग चहाचा घोट घ्या. नानकटाईलाही हेच. दोन्ही चहात घातली की तळाला वाळू उरते आणि तुपा-लोण्याचा वास चहात हरवतो. खोकं फोडलं की उरलेली बिस्किटं त्याच दिवशी डब्यात घाला, पुठ्ठ्याच्या खोक्यात ती दोन दिवसांत मऊ पडतात.

मावा केकाशी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनसमोर 1914 साली सुरू झालेल्या बी. मेरवानचं नाव जोडलेलं आहे. सकाळी लवकर गेलं नाही तर तिथला केक संपलेला असायचा. दुधाचा खवा, वेलची, लोणी आणि अंडं, त्यामुळे साध्या केकापेक्षा तो जड, दाणेदार आणि ओलसर असतो. खवा असल्यामुळे बाहेर दोन दिवस, उन्हाळ्यात एकच. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चालेल, पण खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. थंड असताना लोणी गोठलेलं असतं आणि वेलचीचा वासच येत नाही. कागदाचा कप एका बाजूने उलगडत जा, आणि कागदाला चिकटलेला तपकिरी थर चमच्याने खरवडून घ्या. सगळ्यात चविष्ट भाग तोच.

वाढदिवसाचा केक

किमान एक दिवस आधी सांगा, चिठ्ठीवर नाव स्वतः लिहून द्या आणि पावती घ्या. क्रीम दुधाचं की वनस्पतीचं हे विचारा: दुधाचं चवीला हलकं असतं पण उन्हात पटकन ढळतं, वनस्पतीचं आकार धरून ठेवतं. न्यायला स्कूटरच्या पायाजवळची सपाट जागा हातातल्या पिशवीपेक्षा बरी, आणि मोटारीत मांडीवर न घेता खाली ठेवा. घरी आल्यावर फ्रिजमध्ये, कापायच्या वीस मिनिटं आधी बाहेर. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून कापली तर थर स्वच्छ दिसतात.

लांबच्या प्रवासाला

अमेरिकेत किंवा दुबईत असलेल्या भावा-बहिणींसाठी श्रूसबेरी, नानकटाई, टोस्ट आणि जिरा बटर न्यावेत. खारीचा चुरा होतो, मावा केक आणि पॅटिस नेऊ नयेत. ज्या देशात जात आहात तिथले दूध-अंड्याच्या पदार्थांचे नियम आधी बघा, बंद पाकीट आणि त्यावरची घटकांची यादी असेल तर सोपं जातं. खोकं हातातल्या सामानात ठेवा. खोक्यातल्या रिकाम्या जागा कोऱ्या कागदाच्या बोळ्यांनी भरा. बिस्किटं फुटतात ती दाबामुळे कमी आणि हलण्यामुळे जास्त.

दिवाळीत घरचं सामान देऊन

शेवटचं, आणि मला सगळ्यात प्रिय. पूर्वी दिवाळीच्या आधी पिशवीत मैदा, डब्यात तूप आणि पिठीसाखर घेऊन बाया-माणसं बेकरीत जात. बेकरीवाला मजुरी घेऊन नानकटाई किंवा बिस्किटं करून देत असे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कणकेची बिस्किटं अशीच किलोवर करून मिळतात, आणि शहरातल्याही काही बेकऱ्या अजून हे करतात. तुमच्या बेकरीत विचारून बघा. दसरा झाल्यावर लगेच विचारा, कारण दिवाळीच्या आठवड्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

आमच्या घरी प्रमाण असं: एक किलो मैदा, अर्धा ते पाऊण किलो साजूक तूप, अर्धा किलो पिठीसाखर, शंभर ग्रॅम बेसन, शंभर ग्रॅम बारीक रवा, दहा-बारा वेलदोड्यांची पूड, चिमूटभर जायफळ. सोडा त्यांचा ते घालतात. मैदा आणि बेसन घरीच दोनदा चाळून न्या. तूप पातळ नको, लोण्यासारखं थिजलेलं हवं. पातळ तुपाची नानकटाई भट्टीत पसरते. गोडाचं, तुपाचं प्रमाण चिठ्ठीवर लिहून पिशवीला चिकटवा आणि नाव घाला, कारण त्या दिवशी तिथे दहा घरांच्या पिशव्या एकसारख्या दिसतात. मजुरी किलोवर ठरते, ती आधीच विचारा.

शक्य असेल तर थांबून बघा. मागच्या वर्षी मी तासभर मागे उभा राहिलो. एक म्हातारा कारागीर तूप-साखर तळहाताने फेसत होता, हलकं पांढरं होईपर्यंत, आणि मधूनच बोटावर घेऊन साखरेची कचकच उरली का ते बघत होता. मग मैदा घालून फक्त एकत्र केलं, मळलं नाही. "मळली तर दगड होते," एवढंच तो म्हणाला. लिंबाएवढे गोळे, अंगठ्याने हलका दाब, वर चारोळी. ट्रे आत गेला आणि वीस-बावीस मिनिटांनी भेगा पडलेली, कडेला गुलाबी झालेली नानकटाई बाहेर आली. त्याने पहिली तोडून अर्धी मला दिली. ती गरम असताना मऊ असते, हाताला लागताच मोडते, म्हणून ट्रेवरून लगेच उचलू नका.

घरी नेताना उघड्या पत्र्याच्या डब्यात, वर कापड. रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पूर्ण गार झाल्याची खात्री करून थरांमध्ये कोरा कागद घालत डबा भरा आणि झाकण लावा. पहिला डबा बेकरीतल्या त्या कारागिराकडे पाठवा.